विश्लेषण : चुनखडीच्या जंगलात ‘नवी’ अळंबी सापडते, म्हणजे नेमके काय होते?

‘जंगलात अळंबीची नवी प्रजाती सापडली’ ही बातमी दर काही महिन्यांनी मोबाइलवर येते. छायाचित्र सुंदर असते, लॅटिन नाव धड उच्चारता येत नाही आणि चार ओळींत बातमी संपते. पण ‘सापडली’ या एका शब्दामागे कधी दहा, तर कधी शंभर वर्षांचे काम असते. अनेकदा ती अळंबी हरवलेलीच नसते. कुठल्या तरी संग्रहालयाच्या कपाटात ती दुसऱ्याच नावाने पडून असते. युरोपातील चुनखडीच्या जंगलांत गेल्या दोन दशकांत जे घडले, ते याचे उत्तम उदाहरण आहे. हा विषय केवळ अभ्यासकांपुरता नाही. ही जंगले ज्या दगडावर उभी आहेत त्याच दगडाचे सिमेंट होते आणि ज्या जिवाला नाव नाही त्याची नोंद कोणत्याही फाइलीत होत नाही.

चुनखडीचे जंगल वेगळे का?

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. चुनखडीयुक्त जमिनीत ऊस पिवळा पडतो, त्याला ‘केवडा’ पडला म्हणतात. जमिनीत लोह असते, पण सामू जास्त असल्याने ते पिकाच्या मुळांना उचलता येत नाही. स्फुरदाचेही तेच. कॅल्शियमशी बांधला गेलेला स्फुरद जमिनीत असून नसल्यासारखा. शेतकरी फेरस सल्फेट फवारू शकतो. जंगलातल्या झाडाला तशी सोय नाही.

म्हणून झाड भागीदार शोधते. ओक, बीच, लिंडेन, पाइन अशा झाडांच्या बारीक मुळ्यांभोवती बुरशीचे तंतू मोज्यासारखे आवरण तयार करतात. हे तंतू मुळांपेक्षा कितीतरी दूरवर पसरतात, आम्ल सोडून दगड-मातीतले स्फुरद आणि लोह मोकळे करतात आणि झाडाला देतात. बदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर देते. आपण ज्याला अळंबी किंवा छत्री म्हणतो ते या तंतूंचे केवळ फळ. खरा जीव जमिनीखाली असतो, वर्षभर असतो, आणि एखाद्या वर्षी त्याला फळ धरावेसे वाटले नाही तर धरतही नाही.

चुनखडीत आणखी एक गोष्ट होते. पाणी वर साचत नाही, भेगांतून खाली निघून जाते. वर उरतो तो पातळ, कोरडा, उबदार मातीचा थर. अशा जागा सलग नसतात. सभोवतालच्या आम्लधर्मी जमिनीत चुनखडीची टेकडी म्हणजे समुद्रातले बेटच. बेटावर जे होते तेच इथे होते : जिथे तिथे न आढळणारे, त्या जागेलाच चिकटून राहिलेले जीव.

ओस्लोजवळची राने

नॉर्वेची राजधानी ओस्लो. शहराला लागून लांबच लांब खाडी आहे, तिच्या काठावर आणि आतल्या बेटांवर ४० कोटी वर्षांहून जुनी चुनखडी उघडी पडली आहे. या दगडावर लिंडेनच्या झाडांची छोटी छोटी राने आहेत. नॉर्वेजियन भाषेत त्यांना ‘काल्कलिंडेस्कूग’ म्हणतात. काल्क म्हणजे चुना, लिंडे म्हणजे लिंडेन, स्कूग म्हणजे जंगल. (इंग्रजीत या झाडालाही लाइम, चुन्यालाही लाइम आणि लिंबालाही लाइम. या विषयावर इंग्रजीतून काही शोधायला गेलात तर पहिली दहा पाने लिंबू-सरबताची निघतात.)

ही राने जुनी आहेत. हिमयुगानंतर उत्तर युरोपात काही हजार वर्षे आजच्यापेक्षा उबदार गेली, तेव्हा लिंडेन तिकडे पसरला. पुढे हवा थंड झाली तसा तो मागे हटला, पण दक्षिणेकडे तोंड असलेल्या चुनखडीच्या उतारांवर टिकून राहिला. लिंडेनचे खोड मेले तरी बुडातून नवे धुमारे फुटतात. त्यामुळे एकाच जागी एकाच मुळावर झाड हजारो वर्षे चालू राहू शकते आणि त्या मुळांवरची बुरशीही. अभ्यासकांच्या मते इथल्या दुर्मीळ अळंब्यांचे रहस्य या सातत्यात आहे.

नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेतील टूर एरिक ब्रान्द्रुद यांनी अनेक वर्षे ही राने पालथी घातली. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे मुख्यतः एकाच घराण्यातील अळंब्या मोठ्या संख्येने दिसत गेल्या. घराण्याचे नाव कॉर्टिनॅरियस. कोवळेपणी या अळंबीच्या टोपीच्या कडेपासून दांड्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा असतो, त्यावरून हे नाव पडले. जगात या घराण्याच्या दोन हजारांहून अधिक प्रजाती मानल्या जातात. छत्रीवाल्या अळंब्यांमध्ये एवढे मोठे घराणे दुसरे नाही. यातल्या एका प्रजातीला तर शहराचेच नाव मिळाले आहे : कॉर्टिनॅरियस ऑस्लोएन्सिस. एखाद्या राजधानीच्या उपनगरात, जिथे खाडीकाठच्या बंगल्यांसाठी जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथे शहराच्या नावाची अळंबी असावी, यात बातमी आहे आणि अडचणही.

ओळखायची कशी? वास, रंग आणि एक थेंब

कॉर्टिनॅरियस अभ्यासकांचा छळ करण्यासाठीच जन्माला आली आहे, असे गमतीने म्हणता येईल. शेकडो प्रजाती तपकिरी, पिवळट किंवा जांभळट. आज सकाळी जांभळी दिसलेली टोपी दोन दिवसांनी पिवळी दिसते. पाऊस पडला की चिकट, ऊन पडले की कोरडी.

म्हणून जंगलातच बरीच कामे उरकावी लागतात. दांड्याच्या बुडाचा आकार नीट पाहण्यासाठी अळंबी मुळासकट, मातीतून हलकेच उकरून काढायची. वास घ्यायचा आणि तो लगेच लिहून ठेवायचा. जवळ कोणते झाड आहे हे नोंदवायचे, कारण भागीदार झाड हीच अर्धी ओळख. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टोपीवर, गरावर आणि बुडावर टाकायचा. चुनखडीप्रेमी प्रजातींचा एक मोठा गट या थेंबाने वेगवेगळे रंग दाखवतो, कुणी गुलाबी, कुणी लालभडक. दोन हुबेहूब दिसणाऱ्या छत्र्यांना वेगळे करायला बराच काळ हाच थेंब कामी आला.

घरी आणल्यावर टोपी कागदावर पालथी ठेवतात. रात्रीतून गंजाच्या रंगाची भुकटी खाली पडते. ते बीजाणू. सूक्ष्मदर्शकाखाली ते बदामासारखे दिसतात, वर खरखरीत पुटकुळ्या. त्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. उरलेली अळंबी मंद आचेवर वाळवून, पाकिटात घालून, क्रमांक टाकून संग्रहालयात. आपली आजी पावसाळ्यात वाळवणे कशी जपते, साधारण तसेच. फरक इतकाच की हे पाकीट दोनशे वर्षांनी कुणी तरी उघडेल, असे धरून चालायचे असते.

कपाटातले २३६ नमुने

हे सगळे करूनही घोळ व्हायचा तो झालाच. अळंब्यांच्या आधुनिक नामकरणाचा पाया स्वीडनच्या इलियास फ्रीस यांनी एकोणिसाव्या शतकात घातला. त्यांनी वर्णने लिहिली, नावे दिली, पण अनेक प्रजातींचे वाळवलेले नमुने मागे ठेवले नाहीत. त्यामुळे पुढच्या दीडशे वर्षांत फ्रान्समधला अभ्यासक एका अळंबीला फ्रीस यांचे नाव द्यायचा, जर्मनीतला दुसऱ्याच अळंबीला तेच नाव द्यायचा आणि तिसरा कंटाळून नवेच नाव काढायचा. एकाच नावाच्या तीन अळंब्या आणि एकाच अळंबीची तीन नावे, अशी दोन्ही बाजूंनी गुंतवळ.

यावर उपाय निघाला डीएनएचा. बुरशीच्या पेशीत ‘आयटीएस’ नावाचा जनुकीय तुकडा असतो. साधारण पाचशे ते सातशे अक्षरांचा. २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने हा तुकडा बुरशीचा अधिकृत ‘बारकोड’ म्हणून सुचवला आणि तो रूढ झाला. किराणा दुकानात पुडा कितीही सारखा दिसला तरी बारकोड वेगळा असतो, तसेच हे. कॉर्टिनॅरियसमध्ये मात्र कधी कधी दोन वेगळ्या प्रजातींत केवळ चार-पाच अक्षरांचा फरक असतो. त्यामुळे ‘इतके टक्के जुळले की एक प्रजाती’ असा सरसकट नियम इथे चालत नाही.

कारे लीमाताइनेन, तूला निस्कानेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक काम प्रसिद्ध केले. ते वाचताना सॉफ्टवेअरवाल्यांना आपल्याच कामाची आठवण येईल. कॉर्टिनॅरियसच्या फ्लेगमॅशियम नावाच्या उपगटात चुनखडीच्या जंगलातील बऱ्याच प्रजाती येतात. या गटाला आजवर जी जी नावे दिली गेली त्यांचे मूळ नमुने संग्रहालयांतून मिळवून त्यांनी डीएनए तपासला. मूळ नमुना म्हणजे ज्या एका वाळक्या अळंबीवरून नाव दिले गेले ती. असे २३६ नमुने तपासले. त्यातून प्रजाती निघाल्या १५४. म्हणजे ८२ नावे जास्तीची होती. ११४ प्रजातींना एकच नाव होते, ४० प्रजातींना एकाहून अधिक. डेटाबेसमधली डुप्लिकेट नोंद शोधून काढणे, एवढ्याच भाषेत सांगायचे तर हे काम तेच. फक्त प्रत्येक नोंद पाहण्यासाठी कुठल्या तरी देशातल्या कपाटातून नखाएवढा वाळका तुकडा मागवावा लागतो.

जास्तीची नावे वजा करता करता याच अभ्यासात २० प्रजाती पूर्णपणे नव्या ठरल्या. फ्रीस आणि इतरांच्या ज्या नावांना नमुनाच उरला नव्हता अशा २१ प्रजातींसाठी बदली नमुने सुचवावे लागले. शेवटी १७५ प्रजातींचे बारकोड सर्वांसाठी खुले झाले. त्याआधी तपासलेल्या नावांपैकी केवळ ६१ नावे सार्वजनिक जनुकीय साठ्यात होती. ‘नवी प्रजाती सापडली’ या बातमीमागे बहुतेक वेळा असे हिशेबनीसाचे काम असते. ते छायाचित्रात दिसत नाही.

नाव द्यायचे नियम काय?

नियम आहेत आणि कडक आहेत. शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्यासाठी एकच आंतरराष्ट्रीय नामकरण संहिता आहे. पूर्वी वर्णन लॅटिनमध्येच लिहावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते आणि केवळ ऑनलाइन प्रसिद्ध झालेले वर्णनही ग्राह्य धरले जाते. २०१३ पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला मान्यताप्राप्त नोंदणी केंद्राकडून क्रमांक घ्यावा लागतो. वाहनाला पासिंग लागते तसेच. क्रमांक नसेल तर नाव कितीही सुंदर असो, ते धरले जात नाही.

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे मूळ नमुना. कुठल्या तरी सार्वजनिक संग्रहालयात तो ठेवलेला असला पाहिजे आणि कुणालाही पाहता आला पाहिजे.

इथेच आज सर्वांत मोठा पेच आहे. हल्ली मूठभर माती घेतली, त्यातला सगळा डीएनए वाचला, की त्या जागी कोणकोणती बुरशी आहे याची यादी मिळते. छत्री उगवायची वाट पाहावी लागत नाही. एस्टोनियातील तार्तू इथून चालणाऱ्या ‘युनाइट’ या साठ्यात अशा असंख्य बारकोडना तात्पुरते क्रमांक दिलेले आहेत. त्या बुरशा आहेत, जिवंत आहेत, पण त्यांची छत्री कुणी पाहिलेली नाही किंवा पाहिली असली तरी बारकोडशी जोडलेली नाही. अभ्यासक त्यांना ‘अंधारातल्या’ प्रजाती म्हणतात. केवळ डीएनएच्या आधारे त्यांना नाव द्यावे का, यावर बुरशीतज्ज्ञांच्या परिषदांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. सध्याचे उत्तर नकारार्थी आहे.

माझे मत विचाराल तर दोन्ही बाजूंना तथ्य आहे, पण नकाराची बाजू थोडी जड वाटते. यंत्रातून आलेल्या पाचशे अक्षरांत चूक असू शकते, दोन जिवांचे तुकडे एकत्र चिकटलेले असू शकतात. वाळकी अळंबी मात्र पन्नास वर्षांनी नव्या तंत्राने पुन्हा तपासता येते. २०१४ चे काम शक्य झाले तेच कुणी तरी शंभर वर्षांपूर्वी पाकीट जपून ठेवले म्हणून.

एक घर की दहा घरे?

प्रजाती ठरली तरी तिचे आडनाव ठरत नाही. आडनाव म्हणजे जीनस. २०२२ मध्ये लीमाताइनेन आणि निस्कानेन यांच्याच गटाने कॉर्टिनॅरियसचे संपूर्ण घराणे नव्याने मांडले. १९ प्रजातींच्या प्रत्येकी ७५ जनुकांचा आणि त्याखेरीज २४५ प्रजातींच्या पाच जनुकीय तुकड्यांचा अभ्यास करून त्यांनी म्हटले की हे एक घर नाही, दहा घरे आहेत. त्यातली सात नावे नवी होती. फ्लेगमॅशियम हे वेगळे घर झाले. चुनखडीवर वाढणाऱ्या अनेक देखण्या प्रजातींना कॅलोनेरियस हे नवे आडनाव मिळाले.

दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, नेदरलँड्समधील ब्रिगिडा गॅलोन, थॉमस काउपर आणि योरिंडे नाउटिंक यांनी तोच डेटा पुन्हा तपासला. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच निकाल होता : कॉर्टिनॅरियसचे विभाजन (इतक्यात) करू नये. वेगवेगळी जनुके वेगवेगळी वंशावळ सांगतात, दहापैकी केवळ चार घरांच्या एकसंधतेची खात्री पटते आणि ती घरे एकमेकांची कोण लागतात हे ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे.

त्यामुळे आज एकच अळंबी एका पुस्तकात कॉर्टिनॅरियस आहे, एका संकेतस्थळावर कॅलोनेरियस आणि तिसऱ्या ठिकाणी फ्लेगमॅशियम. सामान्य वाचकाला हा पोरखेळ वाटू शकतो. पण प्रजाती हा थर यात हललेला नाही हे लक्षात ठेवले पाहिजे. भांडण आडनावाचे आहे, माणसाचे नाही. अर्थात सरकारी यादीत एक नाव आणि नव्या शोधनिबंधात दुसरे असले की रेशनकार्डावर आणि आधारवर वेगवेगळे स्पेलिंग असल्यावर जे होते, तेच इथेही होते.

नाव मिळाल्याने फरक काय पडतो?

पहिला फरक जिवाचा आहे. १९५० च्या दशकापर्यंत कॉर्टिनॅरियस अळंब्या निरुपद्रवी समजल्या जात. १९५२ मध्ये पोलंडमधील कोनिन भागात १०२ जणांना विषबाधा झाली, ११ जण दगावले. कारण लवकर कळले नाही, कारण हे विष जेवणानंतर दोन-तीन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी मूत्रपिंडांवर परिणाम दाखवते. तोवर काय खाल्ले होते हेही माणूस विसरतो. स्टॅनिस्लाव ग्झिमावा या डॉक्टरांनी मागोवा घेत घेत दोष कॉर्टिनॅरियस ओरेलानस या प्रजातीवर आणून ठेवला. ही प्रजाती चुनखडीवरची नव्हे. पण दोन तपकिरी छत्र्यांतला फरक सांगता येणे म्हणजे काय, हे यावरून समजते.

दुसरा फरक जागेचा. नॉर्वेने २००९ मध्ये निसर्गविविधतेचा कायदा केला. त्याखाली २०११ मध्ये काही निवडक अधिवासांची यादी जाहीर झाली आणि त्यात ‘काल्कलिंडेस्कूग’चे नाव होते. या रानांतल्या दुर्मीळ आणि धोक्यातील अळंब्या हा त्यामागचा एक मोठा आधार होता. याचा अर्थ तिथे कुऱ्हाड चालवायला पूर्ण बंदी आली असा नाही. पण बांधकामाला परवानगी देताना या रानाचा स्वतंत्र विचार करणे यंत्रणेला भाग पडले. अळंब्यांची नावे नसती तर यादी झाली नसती, आणि यादी नसती तर प्रत्येक रान म्हणजे काही लिंडेनची झाडे, एवढीच नोंद उरली असती.

जागतिक पातळीवर चित्र फारसे चांगले नाही. धोक्यातील जिवांची ‘लाल यादी’ करणाऱ्या आययूसीएन या संस्थेने मार्च २०२५ मध्ये सांगितले की तिच्या यादीत बुरशीच्या १,३०० प्रजातींचे मूल्यमापन झाले आहे आणि त्यांपैकी किमान ४११ धोक्यात आहेत. लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात बुरशीच्या सुमारे २५ लाख प्रजाती असाव्यात. त्यांतल्या सुमारे १ लाख ५५ हजार प्रजातींना नाव मिळाले आहे. वर्षाला साधारण अडीच हजार नवी नावे पडतात. साधा भागाकार करा. याच वेगाने गेलो तर यादी पुरी व्हायला नऊशेहून अधिक वर्षे लागतील.

सिमेंटचा संबंध कुठे येतो?

चुनखडी हा सिमेंटचा मुख्य कच्चा माल. टेकडी फोडली की तिच्यावरचे रान, माती आणि मातीतला बुरशीचा जाळ एकदमच जातो. दुसरीकडे झाडे लावून तो परत येत नाही, कारण नव्या जागी तो दगडच नसतो.

ओस्लोच्या नैर्ऋत्येला ग्रेनलँड भागात याच प्रकारची चुनखडी आहे. तिथेही लिंडेनची राने आहेत आणि तिथेच ब्रेविकचा सिमेंट कारखाना आहे. जून २०२५ मध्ये तिथे वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा प्रकल्प सुरू झाला, सिमेंट कारखान्यात एवढ्या मोठ्या प्रमाणावर असे करणारा जगातला पहिला. हवामानासाठी ही चांगली बातमी आहे. पण धुराड्यातून काय बाहेर पडते, एवढाच प्रश्न नाही. टेकडीवरून काय आत जाते, हाही आहे.

मलेशियात तर २०१४ मध्ये अभ्यासकांनी पेराक राज्यातील गुनुंग कांथान या चुनखडीच्या टेकडीवरील नव्या गोगलगायीला, तिथे खाणकाम करणाऱ्या लाफार्ज या सिमेंट कंपनीचेच नाव दिले : चारोपा लाफार्जेई. प्रजाती नष्ट झाली तर कंपनीचे नाव त्या नोंदीला कायमचे चिकटलेले राहील. गोगलगायीचा शंख रिकामा झाला तरी सापडतो. अळंबीला ती सोयही नाही.

आपल्या देशात चुनखडीवरच्या जंगलांचा विचार मेघालयापासून सुरू करावा लागतो. खासी आणि जैंतिया टेकड्यांच्या दक्षिण कडेला चुनखडीचा पट्टा आहे, त्यात देशातल्या सर्वांत लांब गुहा आहेत. तिथल्या टेकड्यांवर पाइन, ओक अशी बुरशीशी भागीदारी करणारी झाडेही आहेत. याच पट्ट्यातील नोंगत्राई इथल्या खाणीतून चुनखडी १७ किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून सीमेपलीकडे बांगलादेशातील छातक इथल्या सिमेंट कारखान्याला जाते. या खाणीची जमीन ‘जंगल’ आहे की नाही, यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली आणि जुलै २०११ मध्ये न्यायालयाने खाणकामाला मोकळीक दिली. जंगल आहे की नाही हा प्रश्न आपल्याकडे वरच्या झाडोऱ्याकडे पाहून सोडवला जातो. खाली काय आहे, हे विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

महाराष्ट्रात काय?

राज्यातही चुनखडी आहे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगेच्या खोऱ्यातल्या प्राचीन चुनखडीवर गडचांदूर, आवारपूर परिसरातले सिमेंट कारखाने उभे राहिले. पण नॉर्वेचे चित्र जसेच्या तसे इथे उचलून ठेवता येणार नाही. आपल्या सागवानी जंगलातल्या सागाची भागीदारी वेगळ्या प्रकारच्या बुरशीशी असते. ती मुळाच्या आत राहते आणि छत्री धरत नाही. त्यामुळे इथे कॉर्टिनॅरियसच्या शेकडो प्रजाती दडल्या असतील, अशी अपेक्षा ठेवणे चूक. विदर्भात पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या सात्या वेगळ्याच : त्यांना वाळवी आपल्या वारुळात वाढवते. इथे भागीदार झाड नसून कीटक आहे.

उचलण्यासारखी आहे ती पद्धत. छत्री मुळासकट काढणे, शेजारचे झाड किंवा वारूळ नोंदवणे, वाळवून पाकिटात ठेवणे आणि ते पाकीट सर्वांना खुल्या असलेल्या संग्रहालयात जाणे. सात्या कोणत्या रानात, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या वारुळावर येतात हे गडचिरोली-चंद्रपूरच्या रानात जाणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ओस्लोच्या रानांतही बरीचशी नोंद हौशी अळंबीप्रेमींनीच केली, फरक इतकाच की त्यांनी ती लिहिली आणि तिला पाकिटाचा क्रमांक मिळाला.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत प्राणी आहेत, वनस्पती आहेत, बुरशी नाही. धोक्यातील जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या यादीतही बुरशीची एकही प्रजाती नाही. पर्यावरण कायद्यात बुरशीचा समावेश करणारा पहिला देश चिली. २०२४ मध्ये कोलंबियातील काली इथल्या जैवविविधता परिषदेत चिली आणि ब्रिटनने मिळून प्रस्ताव मांडला की निसर्गरक्षणाच्या कागदपत्रांत प्राणी आणि वनस्पती यांच्या जोडीला बुरशीलाही स्वतंत्र स्थान मिळावे.